विताली कोएनचं बोट

लोम, बल्गेरिया, १२ ऑगस्ट १९९०

चि. ओर्ना हिस,
नोनाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मंगळवारी आलं. टपालवाली दोन जिने चढून वर आली आणि म्हणाली, एस्त्रेया आजी, परदेशातलं आहे, आणि या खेपेला कुणी उघडून परत चिकटवलेलं दिसत नाही. म्हटलं, बाई, सरकार बदललं म्हणतात ते हेच असणार. मी मिरच्या भाजत होते. तुझं पत्र वाचता वाचता अर्धी टोपली करपली. करपू दे. मिरच्या दर वर्षी येतात, तुझं पत्र दर वर्षी येत नाही.

माझ्या अक्षराला हसू नकोस. मी चार यत्ता शिकलेली, त्यातली चौथी अर्धीच, कारण मास्तरांना गोवर झाला. तेव्हा काना-मात्रा तूच भरून घे.

तर तू कोएन कुळातल्या नामांकित माणसांचं पुस्तक करते आहेस. याफातल्या मंडळाने तुला काम दिलं हे वाचून मी खुर्चीतून उठले आणि कुणाला सांगू म्हणून खिडकीशी गेले, तर खाली एक मांजर. त्याला सांगितलं. तुझी यादी मी दोनदा वाचली. डॉक्टर कोएन चांगला, व्हायोलिनवाला कोएन चांगला, बुद्धिबळवाला असेल चांगला. पण तो गोलकीपर कोएन गं? त्याने एका सामन्यात सात गोल खाल्ले असं तुझे आजोबा सांगायचे. तो कशाने नामांकित? सात गोलांनी? मग आमच्या गल्लीतले सगळेच कोएन घे. एकेकाळी नऊ घरं होती. आता मी एकटी, आणि मी तर लग्नाने कोएन.

आता कामाचं. साल्वातोर आला होता. गावातल्या आपल्या ज्यू मंडळींचं सगळं तोच बघतो. सगळं म्हणजे आम्ही सात माणसं, प्रार्थनेच्या खोलीची किल्ली आणि दफनभूमी. टोपी हातात धरून बराच वेळ हवापाण्याचं बोलला तेव्हाच मी ओळखलं. म्हटलं, साल्वातोर, मला मेल्यावर कुठे ठेवायचं ते विचारायला आलास ना? मग नीट बस, बोरेका खा आणि विचार. तर नगरपालिकेला नकाशा हवा आहे, जागा लिहून द्यायच्या आहेत. माझ्यासाठी दोन आहेत. एक आजोबांच्या शेजारी, पार मधोमध, अक्रोडाखाली. दुसरी रस्त्याच्या भिंतीला लागून, कोएनांच्या रांगेत.

तुला ठाऊकच आहे, कोएन म्हणजे पुरोहिताचं कूळ, त्याने मेलेल्यांपासून लांब राहायचं, दफनभूमीत पाय ठेवायचा नाही. म्हणून कोएनांना भिंतीलगत पुरतात, म्हणजे त्यांच्या मुलांना रस्त्यावरून तरी बापाचा दगड दिसतो. तुझे आजोबा मात्र मधोमध. सहासष्ट साली तुझा बाप निसिम आला, त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. दीड तास तो पावसात भिंतीबाहेर उभा. काही दिसेना, मध्ये मादाम फार्हींचा तो कपाटाएवढा दगड. शेवटी त्याने खिशातून खडा काढला, बापाच्या कबरीवर ठेवायला याफाच्या किनाऱ्यावरून आणलेला, आणि भिंतीवरून फेकला. तो पडला मादाम फार्हींवर. बाई जिवंत असती तर तिने पोलीस बोलावले असते.

मी साल्वातोरला सांगितलं, भिंतीकडची लिही. चौसष्टपासून एकटी झोपते आहे, सवय आहे. निसिमला मी तरी दिसेन.

बाकी माया आहे तेवढी राहू दे, साखर तेवढी मिळेनाशी झाली आहे.
तुझी नोना,
एस्त्रेया

०

याफा, इस्रायल, ३० ऑगस्ट १९९०

ती. नोनास,
स. न. वि. वि.

आधी बातमी, नाहीतर तू मिरच्या करपवशील. बाबा येतायत! नोव्हेंबरात, आजोबांच्या मृत्यूच्या वर्षदिनाला. आता परवाना मिळतो, विमान मिळतं, सगळं मिळतं, मला रजा तेवढी मिळत नाही. एकसष्टाव्या वर्षी बाबा नव्या बुटांसाठी तीन दुकानं फिरले. आई म्हणाली, इतकं तर माझ्याशी लग्न करताना नव्हतं.

पण तुझं ते भिंतीकडच्या जागेचं वाचून ते भडकले. म्हणाले, माझ्यापायी आई बाबांपासून लांब झोपणार? लिही तिला, मी दुर्बीण घेऊन येतो. मग जेवलेच नाहीत.

आता माझा प्रश्न. साल्वातोरकाकांनी मला दफनभूमीची यादी पाठवली. लोमचे एकोणीस कोएन. अठरा भिंतीलगत, प्रत्येकाच्या दगडावर आशीर्वाद देणारे दोन हात कोरलेले. एकटे आजोबा मधोमध, आणि त्यांच्या दगडावर हात नाहीत. असं का? मला त्यांचं एक पान करायचं आहे, बाबांचा हट्ट आहे. बाबा म्हणतात, रजई शिवताना आजोबांच्या बोटात सुई मोडली आणि बोट वाकडं झालं. ज्याच्या हाताला व्यंग आहे त्या कोएनाने लोकांपुढे हात उचलायचे नसतात, म्हणून ते आशीर्वाद द्यायला कधीच उभे राहिले नाहीत. आपल्याकडचा एकुलता एक फोटो बघितला, तर त्यात ते दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून उभे. कोणतं बोट होतं, नोना? आणि कुठल्या साली?

जिना सांभाळून उतर. तुझ्या मायेची हावरट,
ओर्ना

०

लोम, १४ सप्टेंबर १९९०

चि. ओर्ना हिस, नोनाचे आशीर्वाद. वि. वि.

निसिम येणार म्हणून मी गादीचा कापूस काढून उन्हात घातला. शेजारची पेन्का असती तर तिने हात लावला असता, पण ती सोफियाला मुलीकडे गेली ती गेलीच. जिन्यात आता माझ्याच पायांचा आवाज. दुपारी मी रेडिओ लावते. ऐकायला नाही, घरात कुणीतरी बोलतंय म्हणून. परवा त्यात शेतीचं सांगत होते, तासभर मी बिटाच्या किडीला मान डोलावली.

बोटाचं विचारलंस. डाव्या हाताचं होतं. का उजव्या? डावं लिही. साल मला आठवत नाही, सालं शिकवली तेव्हा मास्तर आजारी होते. मधोमध का, तर त्यांना अक्रोडाची सावली आवडायची. दगडावर हात नाहीत कारण पाथरवट महागडा होता. लिहायलाच पाहिजे का सगळं? त्या गोलकीपरचं वाढव थोडं.

निसिमला म्हणावं, लोकरी बनियन आण. आणि दुर्बीण वगैरे आणू नकोस, लोक हसतील.

कळावे. म्हणजे कळेल तेवढंच कळावे.
नोना

०

याफा, १ ऑक्टोबर १९९०

ती. आईस,
निसिमचा नमस्कार. वि. वि.

मी पत्रं लिहिणारा नाही हे तुला माहीत आहे, ते खातं ओर्नाकडे. पण परवा उपासाचा मोठा दिवस झाला आणि तुला लिहावंसं वाटलं. आमच्या इथल्या सिनेगॉगमध्ये आम्ही तीन कोएन. लेवी कुळातले लोक आमच्या हातांवर पाणी घालतात, आम्ही डोक्यावरून शाल ओढून हात उचलतो, खाली सगळे मान घालून उभे. लोमचे म्हातारे मुद्दाम माझ्या बाजूला उभे राहतात. म्हणतात, निसिम, तुझा आवाज तिकडच्यासारखा लागतो. दर वेळी मला बाबा आठवतात. सणाच्या दिवशी बोटाला चिंधी बांधून अंगणात एकटे उभे राहायचे. आत सगळे, आणि हा माणूस बाहेर चिमण्या बघतोय. तेव्हा मी ठरवलं होतं, यांचं राहिलेलं मी पुरं करीन. केलं, आई.

आता तुझं. तू बाबांच्या शेजारीच झोपायचं. मी भिंतीबाहेर एकासाठी उभा राहिलो, दोघांसाठी राहीन, पाय तेवढेच दुखतात. साल्वातोरला सांग खोडायला.

माया आहेच, मागत नाही.
तुझा निसिम

०

लोम, ११ ऑक्टोबर १९९०

चि. निसिम यास,
आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी तीन दिवस बिहीचा मुरंबा शिजवत बसले. सोळा बरण्या झाल्या. खाणार कोण? मग कळलं की मी लिहायचं टाळते आहे. आता बरण्या संपल्या.

बाळा, बाबांच्या बोटाला काही झालं नव्हतं.

मी इथे आले ती विधवा म्हणून, एवढं तुला माहीत आहे. मी विधवा नव्हते. सतराव्या वर्षी मला रुसेच्या आसेओ धान्यवाल्यांच्या घरात दिली. चौदा महिने राहिले. त्यांच्या मुलाला मी नको होते, आणि तो नको म्हणायला मला कुणी विचारलंच नाही. मग एका सकाळी चार माणसांसमोर मला ओंजळ धरायला सांगितली आणि त्याने घटस्फोटाचा कागद तीत टाकला. कागद हलका होता, पण हात वर उचलेनात. माझ्या बापाने मला इथे आत्याकडे आणून सोडलं आणि साऱ्या गावाला सांगितलं की जावई टायफॉइडने गेला. मी काळे कपडे घालून बसले, आणि तो तिकडे रुसेत जेवत होता!

बाबा आत्याची रजई शिवायला आले. आमच्या अंगणात चार दिवस बसले. रजई दोन दिवसांची होती. विधवा कोएनाला चालते, घटस्फोटित चालत नाही. म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. म्हटलं, तुमचा आशीर्वाद द्यायचा मान जाईल, आणि माझ्या पोटी मुलं झाली तर त्यांना तो मिळणारच नाही. ते सुईत दोरा ओवत होते. वर न बघताच म्हणाले, मग हात खाली ठेवीन, एवढंच ना?

गावाला कळलं असतं तर आमचं लग्न कुणी लावलं नसतं. लावलं, कारण मी विधवा. आणि लग्नानंतरच्या पहिल्याच सणाला बाबांनी बोटाला चिंधी गुंडाळली. लोकांनी विचारलं, म्हणाले सुई मोडली. दुसऱ्या सणाला विचारलं, म्हणाले भरलंच नाही. तिसऱ्यापासून कुणी विचारलं नाही. सदतीस वर्षं, निसिम, धडधाकट बोटाला. गाठ मी मारायची. एका हाताने त्यांना जमत नसे.

हसण्यासारखंही झालं. तू दोन वर्षांचा होतास, माझा मेलेला नवरा धान्याचा भाव करायला लोमच्या बंदरावर उतरला आणि चक्क आपल्या दुकानात शिरला, उशी घ्यायला! बाबांनी मला रजईत गुंडाळून फळीवर टाकलं आणि त्याच्याशी पाऊण तास घासाघीस केली. गेल्यावर रजई सोडून म्हणाले, एस्त्रेया, तुझा मेलेला फार कंजूस आहे.

म्हणजे तू नावाचा कोएन आहेस. तुला हात उचलायचे नव्हते, आणि दफनभूमीची तुला कधीच बंदी नव्हती. बाबांनी ती जागा मुद्दाम मागून घेतली. भिंतीला लागून कशाला, म्हणाले, माझा निसिम आत येईल, त्याला सावलीत बसू दे. तुला सांगायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. लढाईच्या दिवसांत तू लहान, मग तू गेलास, मग ते गेले. सहासष्टला तू फाटकाशी उभा राहिलास. शेजारी मादाम फार्हींची मुलगी, मागे सगळी मंडळी, आणि तू नुकताच सांगत होतास की तिकडे तुला आशीर्वादाला बोलावतात. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, टोपी घाल, भिजशील.

चोवीस वर्षं तेवढंच बोलून राहिले. तुला पावसात उभं केलं आणि स्वतः एकटी आत गेले. दर वर्षी एकटी जाते, आणि बाबांना दर वेळी नवीन कारण सांगते.

तू इतक्या लोकांना आशीर्वाद दिलेस ते वाया गेले असं मला वाटत नाही. पण मी चार यत्ता शिकलेली, माझं कोण ऐकतं. तुझा मान मी घेतला हे मला कळतं. रागाव. पण येऊन रागाव.

आई

०

याफा, २८ ऑक्टोबर १९९०

ती. नोनास,
स. न. वि. वि.

तुझं पत्र बाबांनी स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. चार दिवस बोलले नाहीत. आई म्हणाली, भांडण असतं तर मला सोपं गेलं असतं. मग मला न सांगता पत्र माझ्या उशीवर ठेवून गेले. मीही वाचलं, नोना. मला किती वेळा रडू आलं आणि रजईपाशी किती हसू, ते विचारू नकोस.

काल शनिवार. मी त्यांच्याबरोबर गेले, बायकांच्या सज्जातून बघत होते. कोएनांना पुढे बोलावलं तेव्हा बाबा उठले. मला वाटलं जाणार. ते दाराकडे वळले आणि बाहेर अंगणात गेले. लोमचे म्हातारे माना वळवून बघत राहिले. मी खिडकीशी गेले. लिंबाच्या झाडाखाली एकटेच उभे होते, दोन्ही हात कोटाच्या खिशात. एकाने नंतर विचारलं, निसिम, काय झालं? बाबा म्हणाले, बोट दुखतंय.

तिकीट परत केलेलं नाही. बूट अजून खोक्यात आहेत. येणार का, मला सांगता येत नाही. आणि पुस्तकाचं मी काय करू? नियमाने आपण त्या यादीतच बसत नाही.

तुझी, पहिल्यापेक्षा जास्त,
ओर्ना

०

लोम, १५ नोव्हेंबर १९९०

चि. ओर्ना हिस,
नोनाचे घरभर आशीर्वाद. वि. वि.

आला गं! काल परत गेलासुद्धा, पण आधी आला ते सांगते. गेल्या गुरुवारी दुपारच्या गाडीने. मी स्टेशनवर दोन तास आधी जाऊन बसले. उतरला तो एक टकला म्हातारा, आणि मी मागे बघत होते माझा निसिम कुठे आहे. त्यानेच येऊन माझी पिशवी घेतली. जेवायला मी कांद्याच्या सालांत उकळलेली तपकिरी अंडी केली होती, लीकच्या पातीचे वडे, बिही. सगळं खाल्लं, तीन अंडी. बोलला मात्र मीठ दे एवढंच.

दुसऱ्या दिवशी वर्षदिन. साल्वातोरने फाटक उघडून ठेवलं. निसिम त्याच्यापाशी आला आणि थांबला. नवे बूट, फाटकाच्या रेघेला टेकलेले, पुढे जाईनात. एकसष्ट वर्षांची सवय आहे ती, कागदावरच्या चार ओळींनी सुटते का? हात दोन्ही खिशात. ओर्ना, फोटोतले तुझे आजोबाच.

टोपी घाल एवढंसुद्धा म्हटलं नाही मी. माझं वय चौऱ्याऐंशी, मला फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून मी नेहमीसारखी एकटी आत गेले आणि अक्रोडाखाली बसले. त्यांना सांगितलं, मी सांगितलं हो त्याला. आता पुढचं तुम्ही बघा. मग खाली पडलेले अक्रोड गोळा करत बसले, बरेच किडके होते.

किती वेळ गेला कोण जाणे. मग पाचोळा वाजला. मी मान वर केली नाही. पाचोळा जवळ आला, आणि मध्येच थांबला. बघते तर निसिम मादाम फार्हींच्या दगडापाशी ओणवा. हाताने पानं सारतोय, दगडाच्या फटींत बोटं घालतोय, काहीतरी शोधतोय. म्हटलं, अरे, तो तिथे नाही. इथे आहे, ये.

तो खडा मी कधीच हलवला होता. सहासष्टला निसिम गेला त्याच्या दुसऱ्याच सकाळी. मादाम फार्हींची माफी मागितली आणि आजोबांच्या दगडावर उजव्या कोपऱ्यात ठेवला. पांढरा आहे, मधे भोक असलेला. दर पावसाळ्यानंतर जाऊन पुसते.

निसिम आला. खडा बघितला, उचलला नाही. त्याच्या शेजारी हात टेकून उभा राहिला, आणि मग जमिनीवरच बसला, नव्या पँटीसकट. रागावला का? रागावला. म्हणाला, आई, त्या दिवशी मला थंडीताप भरला होता. मी म्हटलं, माहीत आहे, काढा मीच दिला होता. मग तो हसला, आणि मग हसता हसता त्याचं ते लहानपणचं रडणं आलं, नाकातून. शेवटी विचारलं, कुठलं बोट होतं ते. मी त्याचा डावा हात घेतला आणि अंगठ्याशेजारचं बोट धरून दाखवलं. धरूनच ठेवलं थोडा वेळ.

आशीर्वादाचं तो काही बोलला नाही. मीही विचारलं नाही. ते त्याचं दुखणं आहे, दुखेल.

साल्वातोरकडे जाऊन आम्ही नकाशा खोडून आलो. मी अक्रोडाखाली. तो कुरकुरला, म्हणाला, शाईने लिहिलं होतं. म्हटलं, शाईने लिहिलेलं मीही बरंच खोडलं या महिन्यात.

आता घर परत तसंच आहे. त्याचा कप मी धुतला नाही अजून. काल रेडिओ लावायला गेले आणि लावलाच नाही, म्हटलं, त्याचा आवाज आहे अजून खोलीत, त्यावर बिटाची कीड कशाला.

तुझ्या पुस्तकाचं. यादीत आपण बसत नाही म्हणतेस. मुलांना नसेल बसवत नियम, पण तुझे आजोबा कोएन जन्मले आणि कोएन मेले. तेवढं त्यांना दे. मोठं पान नको, त्या गोलकीपरच्या शेजारी कुठे जागा उरली तर बघ. आणि माझं नाव घालायला आता माझी हरकत नाही. असं लिही: विताली कोएन, लोम, रजया शिवायचे. सदतीस वर्षं दर सणाला डाव्या बोटाला चिंधी बांधून अंगणात उभे राहिले. बोट धड होतं.

साखर मिळाली तर पाठव, नाही मिळाली तर नुसतं पत्र पाठव.
तुझी नोना,
एस्त्रेया कोएन